हणमंत आलकुंटे यांच्या नावाचा भाता

ज्या साली माझ्या दिराच्या थोरल्या लेकीचं, कस्तुराचं लग्न झालं, त्याच साली आमच्या घरात भाता आला. ते साल दोन हजार एक्केचाळीस. मांडव सोडून चार दिवस झाले होते, दारात अजून केळीचे खुंट पडले होते, आणि आरोग्य केंद्राची गाडी एक खोकं उतरवून गेली.

सरकारी कागदावर त्याचं नाव 'श्वाससाथी' असं होतं. आमच्या बोरेगाव खाणीच्या वस्तीत ते नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. छिन्नीला धार लावताना भट्टीपुढे कातड्याचा भाता मारतात, तो आम्हाला माहीत होता. हे यंत्रही वारा देत होतं, म्हणून तोही भाता.

वस्तीतल्या पुरुषांना साठीच्या आत धाप लागते. दगड फोडताना उडणारी बारीक धूळ छातीत जाऊन बसते, ती परत येत नाही. तिच्याभोवती फुप्फुस घट्ट होत जातं. माझे मालक हणमंत तीस वर्षं ड्रिलवर होते आणि त्यांचा धाकटा भाऊ तिमण्णा पंचवीस वर्षं क्रशरवर. दोघांच्या छातीचे फोटो केंद्रातल्या डॉक्टरांनी उजेडाला धरले, तेव्हा मला दोन्ही सारखेच दिसले, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले.

आधीची श्वासाची यंत्रं घड्याळासारखी चालायची. ठरल्या वेळाने वारा आत, ठरल्या वेळाने बाहेर. माणूस मात्र तसा श्वास घेत नाही. जिना चढताना वेगळा, झोपेत वेगळा, भांडताना वेगळा. आजारी छातीला तो परका ताल सोसत नाही, ती त्याच्याशी झगडते. भात्याचं तसं नव्हतं. त्याचा एक पट्टा बरगड्यांखाली बांधायचा. श्वास घे असा हुकूम डोक्यातून शिरेवाटे छातीच्या पडद्याला येतो. छाती हलण्याच्या आधी, पापणी लवते त्याच्याही निम्म्या वेळात, पट्टा तो हुकूम पकडायचा आणि जेवढा हवा तेवढाच वारा नाकातल्या नळीत सोडायचा. किती हवा, कसा हवा, हे तो त्या माणसाकडूनच शिकायचा. शिकायला चाळीस दिवस लागायचे. शिकलेलं सगळं आतल्या हार्ड डिस्कवर लिहून ठेवायचा. रोज नवं लिहायचा आणि वर्षापलीकडचं जुनं पुसून टाकायचा, कारण माणसाची छातीही वर्षभरात बदलते.

मालक म्हणायचे, धाप लागायच्या आत वारा हजर असतो, म्हातारपणी असा गडी मिळाला.

पण भाता एका शिधापत्रिकेवर एकच मिळत होता आणि आमची शिधापत्रिका एक होती. आमची चूलही एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा तिमण्णा सहा वर्षांचा होता, सासू नव्हती. त्याला मीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत मीच सोडलं. मला मूलबाळ झालं नाही. त्याचं लग्न झालं, रत्नव्वा आली, तरी वेगळं निघायचं कुणाच्या मनात आलं नाही. भाता थोरला म्हणून मालकांच्या नावावर झाला. खोकं उघडल्यावर मालकांनी पहिला प्रश्न केला तो असा:

"आपण भाकर मोडून खातो. वारा मोडून खायला काय झालं?"

मग वाटणी ठरली. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत मालक, रात्री तिमण्णा. पट्टा कुणाच्या बरगड्यांवर आहे हे ते जुनं यंत्र तपासत नव्हतं. दिवसा एक आणि रात्री दुसरा श्वास घेणारा एकच माणूस आहे असं समजून ते शिकत गेलं. केंद्राची नर्स आली की तिमण्णा उठून बाहेर जायचा. कारण कागदावर छापलं होतं, दुसऱ्याने वापरल्यास यंत्र परत घेण्यात येईल. छापलेलं मला तिमण्णानंच वाचायला शिकवलं. भात्याच्या पडद्यावर 'पट्टा सैल आहे', 'जाळी साफ करा' अशी अक्षरं यायची आणि दर वेळी वाचायला त्यालाच हाक मारावी लागायची. रात्री पट्टा बांधून पडल्या पडल्या तो मला एकेक अक्षर दाखवायचा. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. चुकले की म्हणायचा, वैनी, मला तू पाढ्यांना मारत होतीस, आता मी मारू का?

तीन वर्षं अशी गेली. मी आणखी एक सांगायला हवं. बुजवलेल्या खाणीवर रोपवाटिका झाली होती, मी तिथं कामाला जात होते. आठला निघायचे, चारला परतायचे. रविवारी सुट्टी. मालकांची तब्येत दुसऱ्या वर्षापासून उतरत गेली. डॉक्टर म्हणाले, रोगच तसा आहे, यंत्र रोग बरा करत नाही. तिमण्णा मात्र धरून होता. मला वाटायचं, त्याचं वय कमी आहे.

दोन हजार चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात एका शनिवारी क्रशरच्या लाइनीवर वीज एकदम चढली आणि भाता जळला. जळक्या वायरीचा वास घरभर झाला. केंद्रातून प्राणवायूचं एक सिलिंडर आलं, अर्थातच एका माणसाचं. दोन दिवस दोघा भावांनी अर्धा अर्धा तास मास्क वाटून घेतला. सिलिंडर नुसता प्राणवायू देतं, श्वास ओढून देत नाही. तीन वर्षांत दोघांच्याही छातीला ओढायची सवय राहिली नव्हती.

सोमवारी सकाळी नऊला दुरुस्तीची बाई आली, नफिसा मुजावर. तिशीची असेल. स्कूटरवर मागे नव्या बनावटीचा भाता बांधून आणला होता. तिच्या स्कूटरचा आवाज आला तसा तिमण्णा उठला आणि शेजारी भीमाबाईच्या घरी जाऊन बसला.

नफिसानं जुना भाता उघडला. आतला बोर्ड काळा पडला होता. पण हार्ड डिस्क साबूत होती. ती म्हणाली, सगळं शिकलेलं डिस्कवर आहे, ही काढून नव्यात बसवली की काका तासाभरात उठून बसतील. तिनं डिस्क बसवली, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही'. मी ते मोठ्यानं वाचलं. तिला वाटलं असावं की मी तक्रार करते आहे, कारण ती म्हणाली, मावशी, हे नेहमीचंच असतं.

आधी तिनं केबल काढून घातली. मग डिस्कच्या पितळी दातांवरची आमच्या घरातली धूळ खोडरबरानं पुसली. तरीही तेच. मग तिनं डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडून पाहिली. तिथं नावांची लांबलचक यादी उमटली.

"डिस्क जिवंत आहे, मावशी. फक्त नव्या घरात उठत नाही."

मालकांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि माझ्याकडे बोट केलं. "रुसली असंल. आमची नागव्वा बी पयल्या दिशी उंबऱ्याच्या आत येत न्हवती."

नफिसा हसली. मीही हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

ती काम करताना सगळं सांगत होती, त्यामुळे मला कळत गेलं. जुनं यंत्र चालू झालं की डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या एका जागी बघायचं आणि तिथं लिहिलेल्या सूचनांवरून कामाला लागायचं. नवं यंत्र त्या जागी बघतच नाही, ते सूचना वेगळ्या कप्प्यात शोधतं. डिस्कवर तो कप्पाच नव्हता. नफिसानं नव्या यंत्राला जुन्या पद्धतीनं बघायला लावलं. मग पडद्यावर चित्र आलं, गोल फिरलं, विझलं आणि परत पहिल्यापासून सुरू झालं. असं सात वेळा. त्याचं कारण वेगळं निघालं. नव्या भात्याची मोटर आणि झडप दुसऱ्या बनावटीची, आणि डिस्कला फक्त जुन्या झडपेशी बोलता येत होतं. समोर अनोळखी झडप बघून ती घाबरून मागे फिरत होती. नफिसानं नव्या झडपेची माहिती डिस्कवर चढवली. त्याला तास गेला.

मग कुलूप लागलं. कुणाचा श्वास चोरीला जाऊ नये म्हणून डिस्कवरचं सगळं कुलपात असतं आणि किल्ली जुन्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते. तो बोर्ड तर जळलेला. पण यंत्र दिलं तेव्हा त्यासोबत एक पुस्तिका होती, तिच्या शेवटच्या पानावर तीच किल्ली आकड्यांत छापलेली असते. लोक ती पुस्तिका फेकून देतात, नफिसा म्हणाली. मी फेकली नव्हती. पेटीत लग्नाच्या शालूखाली ठेवली होती. अठ्ठेचाळीस आकडे होते. मी एकेक बोट ठेवून वाचले आणि तिनं टाइप केले. एकही चुकला नाही.

डिस्क उठली. पट्टा मालकांच्या बरगड्यांखाली बांधला. भात्याचा बारीक आवाज सुरू झाला. आणि पडद्यावर आलं, 'ओळख जुळत नाही'. आवाज थांबला.

तिनं परत केलं. परत तेच.

नफिसा पाठमोरीच होती. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, मावशी, घरात हे आणखी कुणी वापरतं का?

मी नाही म्हणाले.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. माणूस खोटं बोलत नाही असं धरलं की दोष यंत्राचा उरतो. तिनं नवा पट्टा खराब आहे असं ठरवलं आणि दुसरा आणायला तालुक्याला गेली. जायला यायला तीन तास. ती गेली तसं मी तिमण्णाला आत आणलं. त्याच्या ओठांना जांभळाची कळा आली होती. मालकांनी स्वतःहून मास्क काढून त्याला लावला. अडीच तासांत सिलिंडरचा काटा लाल रेघेच्या जवळ आला. स्कूटर वाजली तसा तिमण्णा पुन्हा उठला, भिंतीला धरून धरून बाहेर गेला. मी त्याला धरायला उठले नाही, मला पडद्यासमोर राहायचं होतं.

दुसरा पट्टा बांधला. 'ओळख जुळत नाही.'

आता नफिसा माझ्याकडे तोंड करून बसली. कुणी पाहुण्यानं बांधला असेल, कुणा पोरानं गंमत म्हणून, नीट आठवा, ती म्हणाली. मी म्हणाले, आठवायचं काही नाही, भाता यांचाच आहे. मला वाटत होतं, खरं सांगितलं तर ती नवा भाता स्कूटरला बांधून घेऊन जाईल.

तेवढ्यात रत्नव्वा दारात येऊन उभी राहिली. ती कुणाकडे बघून बोलली ते कळलं नाही.

"अक्का, त्यास्नी बसवेना झालंय."

मग मी सांगितलं. शिधापत्रिका, दिवस-रात्र, नर्स, सगळं. नफिसा ऐकत राहिली. सकाळी नऊला सांगितलं असतंत तर, एवढं ती म्हणाली आणि वाक्य तसंच सोडलं. मी विचारलं, भाता नेणार का. ती म्हणाली, मी दुरुस्तीला आले आहे, चौकशीला नाही.

मग तिनं समजावलं. नवं यंत्र दर पाच मिनिटांनी पट्ट्यातला श्वास डिस्कवरच्या श्वासाशी ताडून बघतं. जुळला तरच वारा देतं. डिस्कवर दोघांचा श्वास एकात एक मिसळला असेल, तर तो कुणाशीच जुळणार नाही. तासांप्रमाणे दोन्ही वेगळे करता येतील. पण नव्या यंत्रात एकच ठेवता येईल. दोन्ही पुसून नव्यानं शिकवायचं तर चाळीस दिवस लागतील, आणि सिलिंडरवर चाळीस दिवस कुणी काढू शकेल असं तिला वाटत नव्हतं.

"कुणाचा ठेवू?" तिनं विचारलं.

तिनं मालकांना विचारलं होतं. मालकांच्या तोंडावर मास्क होता. रत्नव्वा दारात होती. तिमण्णा भीमाबाईच्या घरी होता. उत्तर मी दिलं.

"दिवसाचा ठेव."

सहा वर्षांचा असल्यापासून ज्याला जेवू घातलं, त्याच्याबद्दल मी हे म्हणाले. थांबले नाही, मालकांकडे पाहिलं नाही, रत्नव्वाकडेही नाही. तोंडातून शब्द गेल्यावर पाहिलं, तर रत्नव्वा खाली फरशीकडे बघत होती. रडत नव्हती, ओरडली नाही. मला वाटलं, थोरल्या जावेपुढे बोलायचं नाही म्हणून गप्प राहिली. मालकांनी हात उचलला आणि परत गोधडीवर ठेवला.

नफिसानं लॅपटॉपवर तास उघडले. एका वर्षाचे सगळे श्वास रेघारेघांनी समोर आले. ती बराच वेळ रेघा वरखाली करत राहिली. मग तिनं मला जवळ बोलावलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

दिवसाचा आणि रात्रीचा श्वास एकच आहे, ती म्हणाली. एकाच माणसाचा. मधे मधे दुसरा एक येतो, तो थोडाच आहे. सकाळी सहा ते आठ. दुपारी चार ते सहा. आणि रविवारी दिवसभर. त्या वेळी कोण असतं?

त्या वेळी मी घरी असते.

मी हे मोठ्यानं म्हणाले की मनात, ते आठवत नाही. नफिसा पुढं सांगत होती. तो दुसरा श्वास इतका कमी होता की यंत्राला तो श्वास वाटलाच नाही. त्यानं तो खोकला म्हणून बाजूला टाकला होता आणि आठवड्याच्या आठवड्याला पुसून टाकत होता. माझे मालक त्या डिस्कवर खोकला म्हणून होते. तेही शेवटच्या सहा दिवसांचे.

मालकांनी मास्क काढला.

"नागव्वा, रागावू नगंस. दिवसाचा बी त्योच हाय."

"कवापासनं?"

"कस्तुराच्या बाळंतपणापासनं."

म्हणजे दोन वर्षं. मी रोपवाटिकेच्या रस्त्याला लागले की ते पट्टा सोडून भावाला बांधायचे. तिमण्णाला त्यांनी सांगितलं होतं की डॉक्टरांनी मला चार तासच लावायला सांगितलंय, जास्त लावला तर छाती ढिली पडते, पण वैनीला घोर लागेल म्हणून ती घरी असली की मी लावून बसतो, तिला सांगू नको. थोरला भाऊ सांगतो म्हणून त्यानं ते मानलं. रत्नव्वानं मानलं नव्हतं. तिनं दिवसभर भिंतीला गोधड्या रचून पुढं वाकून बसलेले थोरले दीर बघितले होते. तिला त्यांनी लेकरांची शपथ घातली होती. आणि मी आल्यावर पट्टा बांधून बसलेल्या माणसाला मी रोज विचारायचे, आज कसं वाटतंय. ते म्हणायचे, झक्कास.

का केलंत, असं मी विचारलं. ते दोन दोन शब्द थांबून बोलले. त्याला लेकरं हायती. आन् माझ्यामागं तुला त्योच लागंल.

मी थोड्या वेळापूर्वी काय बोलले होते ते त्यांनी ऐकलं होतं. तरी ते असं म्हणाले.

तिमण्णाला आत आणलं. दारातच त्याला सगळं कळलं, कारण नफिसाला ते सांगावं लागलं. तो खाली बसला. अण्णा, तू मला फसवलंस, एवढंच म्हणाला आणि मग म्हणाला, डिस्क पुसा, अण्णाच्या नावाचा भाता आहे, अण्णालाच बांधा, चाळीस दिवस तर चाळीस दिवस. मालकांनी मान हलवली. दम नव्हता, तरी आवाज ड्रिलवर हाक मारायचे तसा काढला.

"थोरला मी हाय. पट्टा बांध."

नफिसानं खोकल्याचे सहा दिवस वेगळे काढून एका छोट्या पेनड्राइव्हवर ठेवले. उपयोग होईल असं नाही, पण पुसवत नाही, असं म्हणाली. उरलेला सगळा श्वास तिमण्णाचा होता. पट्टा त्याला बांधला. बटण दाबलं. चित्र फिरलं. भात्याचा आवाज सुरू झाला आणि या वेळी थांबला नाही. तिमण्णाची छाती वर आली, खाली गेली. नवा भाता बोलायचाही. आतली बाई म्हणाली, नमस्कार, हणमंत दुर्गाप्पा आलकुंटे, आपली ओळख जुळली आहे.

तिमण्णा रडायला लागला. मालक त्याला म्हणाले, ओ द्या की, हणमंतराव.

पुढं अकरा दिवस ते होते. नफिसानं वेगळ्या शिधापत्रिकेचा अर्ज स्वतः भरून दिला, पण वेगळी चूल दाखवायला तपासणी, आणि तपासणीला तारीख दीड महिन्यानंतरची. पाचव्या दिवशी ती कुठूनतरी जुन्या, ठरल्या तालाचं यंत्र घेऊन आली. ते मालकांना लावलं. यंत्र आत ढकलत होतं तेव्हा त्यांना बाहेर टाकायचा असायचा. त्यांची छाती त्याच्याशी भांडत होती. दोन तासांनी त्यांनीच नळी काढली आणि म्हणाले, मुकादमासारखं हाय हे, आपल्या हातचं काम बघतच न्हाई.

तिमण्णा त्या अकरा दिवसांत त्यांच्याशेजारून हलला नाही. पट्टा सोडायला त्याचा हात किती वेळा गेला ते मी मोजलं नाही. दर वेळी मालक डोळे उघडायचे. मी रोपवाटिकेत गेले नाही. रत्नव्वा भाकऱ्या थापायची, मी चूल फुंकायचे, आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. तिनं दोन वर्षं काय लपवलं ते मला माहीत होतं आणि मी एका क्षणात काय म्हणाले ते तिला माहीत होतं. दहाव्या दिवशी भाकरी भाजताना तिचा हात पोळला, तेव्हा मी तो पाण्यात धरला. तेव्हापासून बोलायला लागलो.

ज्या दिवशी मालक गेले, त्या दिवशी माती देऊन पुरुष परत आले आणि भीमाबाईच्या नवऱ्यानं विचारलं, आता केंद्राला कळवावं लागेल ना. छापलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. लाभार्थ्याचा मृत्यू झाल्यास आठ दिवसांत यंत्र परत करावे. भाता हणमंत आलकुंट्यांच्या नावाचा होता. तो तिमण्णाच्या बरगड्यांवर चालू होता.

काय करायचं ते आधी मी बोलले. 'दिवसाचा ठेव' आणि हे, दोन्ही मी एकाच दिवशी बोलले असं मला पुष्कळदा वाटतं, पण तसं नाही, मधे अकरा दिवस गेले होते.

ग्रामपंचायतीचा मृत्यू नोंदीचा कागद मी भरला. सरकारी कागदावर मी त्याआधी अंगठा आणि पुढं सही केली होती, सगळा कागद भरला नव्हता. तिमण्णा शेजारी बसला होता, भात्याची नळी नाकात, जसा मला अक्षरं शिकवताना बसायचा. मृताचे नाव या चौकोनात मी तिमण्णा दुर्गाप्पा आलकुंटे असं लिहिलं. वय पन्नास. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, वैनी, अक्षर बरं आलंय.

मी 'दिवसाचा ठेव' म्हणाले होते, हे रत्नव्वानं त्याला कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. त्यालाही सांगितलं नाही.

वस्तीतल्या पन्नास घरांना खरं माहीत होतं. पाच वर्षांत एकाही घरातून शब्द बाहेर गेला नाही. पण वस्तीत बाहेरची माणसं यायची, केंद्राची नर्स, तपासणीवाले, जनगणनेचे. म्हणून रत्नव्वानं त्याच संध्याकाळी कुणी न सांगता आपलं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. नवरा समोर बसलेला असताना. आणि मी माझं ठेवलं. रोज सकाळी आरशापुढं उभी राहून मी कुंकू लावायचे तेव्हा ती पाठ करून बसायची. सणाला बायका ओटी भरायला आल्या की मला बोलवायच्या, तिला नाही. मला त्या ओटीतला तांदूळ शिजवून खाववत नसे. केंद्रात नवी नर्स आली होती, ती जुना कागद बघून तिमण्णाला म्हणायची, हणमंत काका, तब्येत सुधारली की हो तुमची. तो हो म्हणायचा. पुढं पुढं नुसता तिमण्णा म्हणून हाक मारली तर पटकन ओ देत नसे.

नफिसा दर सहा महिन्यांनी डिस्क तपासायला यायची. ती त्याला काका एवढंच म्हणायची, नाव घ्यायची नाही. एकदा तिनं सांगितलं, सरकारनं नियम बदललाय, आता शिधापत्रिकेवर नाही, माणसागणिक यंत्र देतात. आमच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा मृत्यू नोंदलेला होता, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग नव्हता.

तिमण्णाच्या छातीनंही शेवटी ऐकलं नाही. भाता वारा देत होता, फुप्फुसात तो घ्यायला जागा उरली नव्हती. तो गेला तेव्हा रत्नव्वाला परत रडता येईना, कारण केंद्राची गाडी दारात उभी होती आणि त्यांच्या लेखी ती पाच वर्षांपूर्वीच विधवा झालेली होती. तिच्यासमोर मी माझं कुंकू पुसलं. त्याही दिवशी कागद मीच भरला. मृताचे नाव, हणमंत दुर्गाप्पा आलकुंटे. वय मी मालकांचं लिहिलं. गाडीवाले भाता घेऊन गेले. डिस्क पुसून तो दुसऱ्या कुणाला देतात.

आता परत घेण्यासारखं आमच्याकडे काही नाही, म्हणून मी हे लिहिते. ग्रामपंचायतीच्या वहीत जे आहे ते दोन्ही ठिकाणी माझ्या हातचं आहे आणि ते चूक आहे. खरं असं आहे. माझे मालक हणमंत दुर्गाप्पा आलकुंटे शुक्रवार, ९ डिसेंबर २०४४ रोजी सकाळी साडेदहाला वारले. माझा दीर तिमण्णा दुर्गाप्पा आलकुंटे गुरुवार, १७ फेब्रुवारी २०५० रोजी दुपारी वारला.